पेरुजातला पाऊस

कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिलेल्या एका फुटबॉल सामन्यात गोल कोणी केला आणि कसा केला, हे आज मला यथास्थित आठवत नाही. परंतु त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातात शेंगदाण्यांची पुडी घेतलेल्या एका वयस्क गृहस्थांची मूर्ती मात्र अद्याप जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. त्या हंगामात ज्या संघाने एकामागून एक सर्वांना नमविले होते आणि ज्याच्या बाजूने पंचांची शिट्टी किंचित लवकर व विरुद्ध बाजूने किंचित उशिरा वाजते अशी पेठापेठांतून बोलवा होती, तो संघ त्या संध्याकाळी एका सामान्य समजल्या जाणाऱ्या संघाकडून एका गोलने हरला. त्या गृहस्थांच्या स्वतःच्या तालमीचा संघ स्पर्धेतून केव्हाच बाद झाला होता. या निकालाने तिच्या पदरात काहीही पडणार नव्हते. तरी शेवटची शिट्टी वाजताच त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, उरलेले दाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि अगदी शांत आवाजात ते म्हणाले, "घ्या पाव्हणं. आज जिरली बघा."

‘जिरणे’ या आपल्या क्रियापदाचा मी त्या दिवसापासून अनेकदा विचार केला आहे. खाल्लेले अन्न जिरते, पडलेला पाऊस जमिनीत जिरतो, आणि माणसाची मस्तीही जिरते. तिन्ही ठिकाणी अर्थ एवढाच, की जे वरच्यावर तरंगत होते ते खाली आपल्या जागी जाऊन पोहोचले. तो संघ बुडाला, संपला, त्याचा सत्यानाश झाला, असे काहीही ते गृहस्थ म्हणाले नव्हते. पुढच्या वर्षी तोच संघ पुन्हा उतरावा, पुन्हा चांगला खेळावा, याला त्यांची हरकत नसावी. किंबहुना तो उतरला नसता तर सर्वांत आधी त्यांनाच चुकल्यासारखे झाले असते.

तरीदेखील या आनंदाची प्रतिष्ठितांच्या दरबारी निंदाच होत आलेली आहे. आपला संघ जिंकला तर आनंद माना, दुसऱ्याच्या पराभवाने हर्षित होणे हे क्षुद्र मनाचे लक्षण होय, असा उपदेश शाळेच्या क्रीडादिनी बक्षीस वाटणाऱ्या पाहुण्यांपासून वर्तमानपत्रांतील क्रीडासमीक्षकांपर्यंत सर्वजण करीत असतात. दुसऱ्याला पाण्यात पाहणे वाईट, हे मलाही मान्य आहे. परंतु कोणत्याही संघाच्या कोणत्याही पराभवाने चाहते हुरळून जातात असे कोठे दिसत नाही. गुणतक्त्याच्या तळाशी असलेला संघ आणखी एकदा हरला तर प्रतिस्पर्ध्यालाही त्याचे वाईटच वाटते. चाहता हुरळतो तो एका विशिष्ट प्रकारच्या पराभवाने: ज्याच्या विजयाचा निकाल मैदानात उतरण्यापूर्वीच कोठेतरी लिहून, मोहोर उठवून ठेवलेला आहे असे त्याच्या मनाने घेतलेले असते, त्याच्या पराभवाने. या आनंदाची कैफियत एकदा कोणीतरी नीट मांडावी असे मला फार दिवस वाटत आहे. आणि आपल्या पेठांतील उदाहरण घेतले तर आपपरभाव आड येईल, म्हणून मी ती इटलीतील एका रविवारच्या आधाराने मांडतो.

इटालियन भाषेत या वृत्तीला स्वतंत्र क्रियापदच आहे. ‘गूफो’ म्हणजे घुबड, आणि त्यावरून झालेले ‘गुफारे’ म्हणजे दुसऱ्याच्या संघाचे वाईट व्हावे म्हणून घुबडासारखे टपून बसणे. घराच्या आढ्यावर घुबड येऊन बसले की आपल्याकडेही वडीलधारी माणसे अस्वस्थ होत, त्यामुळे मराठी वाचकाला या शब्दाची अधिक फोड करून सांगायला नको. इटलीत सारे सामने रविवारी दुपारी एकाच वेळी होत त्या काळात अशी लक्षावधी घुबडे कानाशी ट्रान्झिस्टर धरून जागी असत, आणि त्यांच्यातील बहुसंख्यांचे ध्यान तुरीन शहरातील युव्हेंटस या संघाकडे लागलेले असे. १८९७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १९२३ पासून आन्येल्ली घराण्याच्या, म्हणजेच फियाट मोटारींच्या मालकांच्या, छत्राखाली आहे. इटलीची सर्वांत अधिक विजेतेपदे त्याच्याकडे; २००० सालापर्यंत अशी पंचवीस विजेतेपदे त्याच्या दप्तरी जमा झाली होती. येथे एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. ज्या संघाचा देशात सर्वांत अधिक दुस्वास होतो त्याच संघाचे चाहतेही देशात सर्वांत अधिक आहेत. सिसिली आणि कालाब्रियासारख्या दरिद्री दक्षिणेतून तुरीनच्या कारखान्यात कामाला आलेल्या मजुरांनी मालकाचाच संघ आपला मानला, आणि सुट्टीत गावी जाताना काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे ते प्रेम बरोबर नेले. म्हणून युव्हेंटसच्या पराभवाचा आनंद म्हणजे गरिबांचा श्रीमंतांवरील राग, असे एका वाक्यात सांगून मोकळे होता येत नाही.

मग राग कशाचा? त्यासाठीही इटालियन लोकांनी फार पूर्वीच एक शब्दसंहती घडविली आहे. तिचे मराठी मी ‘मनाची ताबेदारी’ असे करीन. मातब्बर क्लबपुढे पंचाचे मन आपोआप लवते, त्याला कोणी लाच देत नाही, धमकावत नाही, तरीही संशयाचा फायदा कोणाला द्यायचा हा प्रश्न उद्भवला की त्याचा हात एकाच दिशेला वळतो, असा तिचा भावार्थ. गावच्या इनामदाराचा बैल दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरला तर कोतवालाला तो दिसत नाही, आणि कुळाची शेळी कुंपणाबाहेरून मान लांबवताना दिसली तरी तिला कोंडवाड्यात घातले जाते. इनामदाराने त्याकरिता काही फर्मान काढलेले नसते. अशा वेळी फिर्याद कोणाकडे न्यावी? वशिला सिद्ध करायला वशिल्याचा कागद लागतो, आणि येथे तर कागदच नाही. १० मे १९८१ रोजी तुरीनमध्ये रोमाच्या तुरोनेने केलेला गोल ऑफसाइड ठरविण्यात आला; रोमा संघाचे चाहते त्याविषयी आजही, काल घडल्यासारखे, बोलतात. २६ एप्रिल १९९८ रोजी युव्हेंटसच्या गोलक्षेत्रात इंटर संघाचा रोनाल्डो एका बचावपटूवर आदळून पडला, पंचांनी खेळ चालू ठेवला, आणि काही क्षणांतच दुसऱ्या टोकाला युव्हेंटसला पेनल्टी बहाल केली. ती पेनल्टी गोलरक्षकाने अडविली हे खरे, परंतु प्रकरण इतके चिघळले की त्या आठवड्यात इटलीच्या संसदेत एक सभासद, पूर्वी युव्हेंटसकडून खेळलेल्या दुसऱ्या सभासदाच्या अंगावर धावून गेला आणि सभागृहाचे कामकाज तहकूब करावे लागले.

या पार्श्वभूमीवर २००० सालचा वसंत आला. आठ सामने उरले असताना युव्हेंटसकडे नऊ गुणांची आघाडी होती. दुसऱ्या क्रमांकावर रोमचा लाझिओ. क्लबचे ते शताब्दीवर्ष, आणि त्या शंभर वर्षांत विजेतेपद लाभलेले ते केवळ एकदा, १९७४ मध्ये. आदल्याच वर्षी मिलान संघाने अखेरच्या दिवशी पेरुजात विजय मिळवून एका गुणाने ते लाझिओच्या हातून हिसकावून नेले होते. १ एप्रिलला लाझिओने तुरीनमध्येच सिमेओनेच्या एकमेव गोलने युव्हेंटसला हरविले आणि आघाडी आटू लागली. शेवटचे दोन सामने राहिले तेव्हा अंतर दोन गुणांचे होते. ७ मे रोजी पार्माविरुद्ध युव्हेंटस देल पिएरोच्या गोलने एक-शून्य पुढे होता. सामना संपता संपता पार्माला कॉर्नर मिळाला, फाबिओ कान्नावारोने उंच उडी घेऊन चेंडूला डोके लावले, चेंडू जाळ्यात गेला; आणि गोल नामंजूर झाला. कोणी कोणाला ढकलले, हे दूरदर्शनच्या चित्रणात पुनःपुन्हा पाहूनही देशाला उमगेना. त्या आठवड्यात लाझिओचे चाहते रोममधील फुटबॉल महासंघाच्या कचेरीवर चालून गेले, पोलिसांशी चकमकी झडल्या, आणि पुढच्या रविवारी आपल्या सामन्याला जाताना त्यांनी इटालियन फुटबॉलची लुटुपुटीची प्रेतयात्रा काढली. ज्याला न्यायाची आशा उरली आहे तो मोर्चा काढतो. प्रेतयात्रा काढणाऱ्याने ती सोडलेली असते.

तो रविवार १४ मे २००० चा. युव्हेंटसचा सामना पेरुजा येथे. तेथे विजय मिळाला तर विजेतेपद, बरोबरी झाली आणि लाझिओ जिंकला तर दोघांत आणखी एक निर्णायक सामना, अशी स्थिती होती. पेरुजाचा संघ मध्यम कुवतीचा, खालच्या श्रेणीत ढकलले जाण्याच्या भीतीतून सुटलेला. त्याला त्या दिवशी मिळवायचे काही नव्हते आणि गमवायचेही काही नव्हते. अशा संघाकडून अखेरच्या दिवशी जिवावर उदार होऊन खेळण्याची अपेक्षा कोणी करीत नाही. पूर्वार्ध गोलाविना संपला आणि मध्यंतरात आभाळ फाटावे तसा पाऊस कोसळला. हा हा म्हणता मैदानाचे तळे झाले. पंच होते पिएरलुइजी कोलिना, ज्यांचा केशहीन माथा आणि भेदक डोळे पुढे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यामुळे जगाच्या परिचयाचे झाले. ते हातात छत्री घेऊन मैदानात आले, चालत चालत मध्यापर्यंत गेले, आणि त्यांनी चेंडू जमिनीवर टाकून पाहिला. चेंडू उसळला नाही. जेथे पडला तेथेच पाण्यात बसून राहिला. ते परत गेले, थोड्या वेळाने पुन्हा आले, पुन्हा चेंडू टाकून पाहिला. सामना रद्द करून दुसऱ्या दिवसावर ढकलण्यास ही परिस्थिती पुरेशी आहे असे म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते आणि आजही आहेत. कोलिना तासाहून अधिक वेळ थांबून राहिले.

तिकडे रोममध्ये ऊन होते. लाझिओने रेज्जिनाला तीन-शून्य असे हरविले, सामना संपला, चाहत्यांचे लोंढे कठडे ओलांडून हिरवळीवर उतरले. आणि तेथे त्यांना कळून चुकले की आता करण्यासारखे काहीच उरलेले नाही, कारण पेरुजातील उत्तरार्ध अद्याप सुरूच व्हायचा होता. जिंकलेल्या माणसांचा एवढा मोठा जमाव आपल्या विजयाचे काय करावे हे न कळून एका मैदानात निमूट उभा आहे, असे दृश्य खेळाच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. ज्यांच्याजवळ ट्रान्झिस्टर होता त्यांच्याभोवती कोंडाळी झाली. कोणी गवतावर मांडी घालून बसले, कोणी आकाशाकडे पाहत राहिले. आणि मग, उत्तरार्ध सुरू होऊन काही मिनिटे होतात न होतात तोच, पेरुजाचा आलेसांद्रो कालोरी नावाचा तेहतीस वर्षांचा बचावपटू युव्हेंटसच्या गोलक्षेत्रात उरलेला एक चेंडू छातीवर घेता झाला आणि त्याने तो गोलरक्षक एदविन व्हान देर सारच्या आवाक्याबाहेरून जाळ्यात धाडला. पुढे युव्हेंटसचा झाम्ब्रोता बाहेर काढला गेला. पाण्यातून चेंडू रेटत युव्हेंटसने शेवटपर्यंत धडपड केली, पेरुजाच्या त्या मिळवायचे काही नसलेल्या अकरा जणांनी शेवटपर्यंत अडविले. सहा वाजून चार मिनिटांनी इटालियन नभोवाणीचे समालोचक रिकार्दो कुक्की यांनी पेरुजाहून, वेळ आणि तारीख सांगून, लाझिओ विजेता झाल्याचे जाहीर केले. लाझिओ बहात्तर, युव्हेंटस एकाहत्तर.

रोममध्ये पुढे काय झाले असेल ते वर्णन करण्याची आवश्यकता नाही. मला सांगावयाचे आहे ते त्या दिवशी रोमबाहेर आनंदित झालेल्यांविषयी. लाझिओशी ज्यांचा यत्किंचितही संबंध नव्हता, किंबहुना लाझिओ ज्यांना आवडतही नव्हता, अशा फ्लॉरेन्समधील, मिलानमधील, तुरीनमधल्याच तोरिनो संघाच्या चाहत्यांविषयी. मलाही लाझिओचा कळवळा नाही. त्या क्लबच्या चाहत्यांतील एका गटाने वर्णद्वेषाचे जे प्रदर्शन वेळोवेळी मांडले आहे त्याने कोणाही सभ्य माणसाची मान खाली जावी. आणि तो संघ काही दुबळाही नव्हता, अन्नप्रक्रियेच्या उद्योगातून आलेल्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या काळच्या युरोपातील महागड्या संघांपैकी तो एक होता. तेव्हा डेव्हिड आणि गोलिएथची कथा येथे लागू पडत नाही. तरीही त्या रविवारी इटलीतील असंख्य माणसांना जे समाधान लाभले ते खरे होते, आणि त्याचे मूळ शोधू गेले तर मला तेथे एक मत्सरी घुबड आढळत नाही. तेथे मला कार्लो मात्सोने आढळतात.

मात्सोने हे पेरुजाचे प्रशिक्षक. जन्माने अस्सल रोमकर आणि मनाने आजन्म रोमा संघाचे, म्हणजे लाझिओच्या सख्ख्या वैऱ्याचे, चाहते. काही वर्षे त्याच रोमाचे प्रशिक्षकही होते. त्या दिवशी त्यांच्या खेळाडूंनी थोडी ढिलाई दाखविली असती, पावसाचे निमित्त पुढे केले असते, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. शिवाय ज्या शेजाऱ्यांच्या विजयाने त्यांच्या स्वतःच्या गल्लीत वर्षभर मान वर करून चालणे कठीण होणार होते, तो विजयही टळला असता. त्यांनी तसे केले नाही. आपल्या हाताने त्यांनी आपल्या वैऱ्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला, कारण रविवारी तीन वाजता आपल्या संघाने जिंकण्यासाठी उतरायचे असते, एवढाच त्यांचा करार होता. इकडे ज्या कुक्कींनी तो निकाल सांगितला ते बालपणापासून लाझिओचे भक्त होते. परंतु २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते लोकांना कळू दिले नाही. एक मनुष्य आपल्या इच्छेविरुद्ध जिंकला, दुसऱ्याने आपली इच्छा आवाजात उतरू दिली नाही, आणि तिसरा छत्री घेऊन, अर्ध्या देशाची घाई आणि उरलेल्या अर्ध्याचा संशय अंगावर झेलीत, पाण्यात चेंडू टाकून पाहत राहिला. त्याच दिवशी जो देश फुटबॉलची तिरडी बांधत होता त्याला या तिघांनी दाखवून दिले की निकाल अजून मैदानातच लागतो. मातब्बराच्या पराभवावर आनंदित होणारा सामान्य माणूस या गोष्टीवर आनंदित होतो, असे माझे मत आहे. तो आनंद अंमलदाराने इनामदाराच्या दाव्यात कुळाच्या बाजूने हुकूमनामा दिल्यावर गावाला होतो त्या जातीचा आहे. त्या जमिनीतले बोटभर शेतही गावातील इतरांना मिळणार नसते, तरी त्या संध्याकाळी चावडीवर माणसे जरा उशिरापर्यंत बसतात.

या मताला एक कठीण कसोटी आहे आणि ती मी टाळू इच्छीत नाही. दोनच वर्षांनी, ५ मे २००२ रोजी, अखेरच्या रविवारी इंटर संघ अग्रस्थानी होता आणि त्याचा सामना रोममध्ये याच लाझिओशी होता. युव्हेंटस एका गुणाने मागे. इंटर आणि लाझिओ यांच्या चाहत्यांत जुने सख्य. त्यात इंटर हरला तर विजेतेपद युव्हेंटसला किंवा रोमालाच जाणार, हे ठाऊक असल्यामुळे स्वतः लाझिओचे चाहते त्या दिवशी आपल्या संघाने हरावे म्हणून ओरडत होते. लाझिओच्या खेळाडूंनी ऐकले नाही. त्यांनी चार-दोन असा विजय मिळविला, पोबोर्स्कीने त्यांत दोन गोल केले, युव्हेंटसने उदिने येथे आपला सामना जिंकला आणि विजेतेपद तुरीनला गेले. ज्या प्रामाणिकपणाने २००० मध्ये घुबडांना तृप्त केले त्याच प्रामाणिकपणाने २००२ मध्ये त्यांना उपाशी निजविले. पेरुजाच्या पावसाने ज्याला आनंद झाला, त्याने पोबोर्स्कीच्या त्या दोन गोलांपुढेही, मनाला कितीही झोंबले तरी, टोपी काढली पाहिजे. तसे ज्याला करवत नाही त्याच्या आनंदाचे वकीलपत्र घेण्यास मी तयार नाही.

आणखी चार वर्षांनी, २००६ मध्ये, ज्या कागदाचा अभाव होता तो कागद सापडला. युव्हेंटसचे महाव्यवस्थापक लुचानो मोज्जी आणि पंच नेमणारे अधिकारी यांच्यातील दूरध्वनी-संभाषणे उजेडात आली. २००५ आणि २००६ ची विजेतेपदे काढून घेण्यात आली आणि इतिहासात प्रथमच या क्लबची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली. पार्माविरुद्धच्या त्या सामन्याचे पंचही त्या प्रकरणात बंदीला पात्र ठरले. यावरून २००० सालच्या त्या गोलबाबत काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही, कारण तसे काही सिद्ध झालेले नाही. आणि हेही नमूद केले पाहिजे की त्याच निकालात लाझिओचेही गुण कापले गेले. परंतु त्या उन्हाळ्यात मला सर्वांत अधिक वाईट वाटले ते खेळाडूंचे. निवाड्याच्या अवघे काही दिवस आधी इटलीने बर्लिनमध्ये विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघात बुफाँ, देल पिएरो, कामोरानेसी हे युव्हेंटसचेच होते, आणि ज्याचा गोल सहा वर्षांपूर्वी नामंजूर झाला तो कान्नावारो, आता युव्हेंटसचाच झालेला, त्या संघाचा कर्णधार होता. बुफाँ, देल पिएरो, कामोरानेसी विश्वविजेतेपद घेऊन दुसऱ्या श्रेणीत खेळायला गेले. कचेरीत काय चालते याचा हिशेब मैदानात धावणाऱ्याकडून मागण्यात अन्याय आहे, आणि ‘जिरली’ म्हणणाऱ्याने ती कोणाची जिरली हे स्वतःशी एकदा विचारून घ्यावे, ही अपेक्षा मला जास्त वाटत नाही.

या आनंदाला एक मर्यादा आहे. ती ओलांडणाऱ्यांना मी चाहता हे नाव देणार नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये एकोणचाळीस माणसे चेंगरून मेली. त्यांतील बहुसंख्य युव्हेंटसचा सामना पाहायला गेलेले इटालियन होते. ४ मे १९४९ रोजी लिस्बनहून परतणारे विमान तुरीनजवळील सुपेर्गाच्या टेकडीवरील चर्चवर आदळले आणि तोरिनोच्या जवळजवळ अख्ख्या संघासह एकतीस जण मृत्यू पावले. या दोन्ही घटनांवरून प्रतिपक्षाला डिवचणारे फलक आणि घोषणा इटलीच्या मैदानांत अधूनमधून दिसतात, ऐकू येतात. पराभवाचा आनंद आणि मरणाचा आनंद यांच्यात नाते जोडण्याचा प्रयत्न जो करतो त्याला खेळ कळलेला नसतो आणि माणूसही. हा फरक पेरुजाच्या लोकांना मात्र कोणी शिकवावा लागत नाही, त्याचे कारण त्यांच्या मैदानाच्या नावातच आहे.

ज्या मैदानावर कोलिना छत्री घेऊन उभे होते त्याचे नाव रेनातो कुरी. हा कुरी पेरुजाचा एक लहानखुरा, चपळ मधल्या फळीतला खेळाडू. १६ मे १९७६ रोजी, पेरुजाच्या पहिल्या श्रेणीतील पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या दिवशी, तोरिनोहून एकाच गुणाने मागे असलेला युव्हेंटस तेथे आला असता त्याने एकमेव गोल करून त्याला हरविले. तोरिनोची स्वतःच्या मैदानावर बरोबरी झाली होती. विजेतेपद त्यांना लाभले, आणि ते सुपेर्गाच्या त्या अपघातानंतर सत्तावीस वर्षांनी लाभलेले पहिले. त्या रात्री तुरीनच्या तांबड्या रंगाच्या अर्ध्या शहरात म्हातारी माणसेही रस्त्यावर उतरून रडली असतील, तर त्यात नवल नाही. पुढे दीड वर्षाच्या आत, ३० ऑक्टोबर १९७७ रोजी, युव्हेंटस पुन्हा पेरुजात आला. पाऊस पडत होता. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे झाली असतील नसतील, तोच कुरी धावता धावता ओल्या गवतावर कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते आणि त्याचे वय चोवीस वर्षांचे होते. पुढे मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. कालोरीने साडेबावीस वर्षांनी जो गोल केला तोही त्याच मैदानावर, पावसानंतर, उत्तरार्धाच्या पहिल्या काही मिनिटांतच.